आत अक्षरं आहेत

मी एक जुना आठ-बिटी घरगुती संगणक आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेलो आहे.

जुन्या वस्तूंनी आपली कहाणी गळा दाटून सांगायची असते म्हणे. मला गळा नाही. पोटात बटणाएवढा एक भोंगा आहे, तो फक्त 'पीं' करतो. डोळेही नाहीत, आणि पाणी लागलं तर मी जळून जाईन. तेव्हा रडारड होणार नाही. मी भांडणार आहे.

पहिलं भांडण नावावरून. हल्ली मला सगळे 'रेट्रो' म्हणतात, जणू मी जन्मालाच म्हातारा आलो. मी आलो तेव्हा नवा कोरा होतो हो! शेजारपाजारचे मला बघायला चपला काढून आत यायचे. आता येतात ते हसतात. म्हणतात, याची सगळी स्मरणशक्ती एकत्र केली तरी फोनमधल्या एका फोटोचा कोपरा मावणार नाही. हसा. पण त्या फोटोतच पुढे काय सापडलं, ते ऐकलंत की हसू जिरेल.

आठ-बिटी म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्या आठावर उभं आहे. माझ्या डोक्यात एका वेळी आठ दिव्यांची एक रांग मावते. प्रत्येक दिवा एकतर चालू, नाहीतर बंद. अशा आठ रांगा एकाखाली एक रचल्या की आठ बाय आठ ठिपक्यांचा एक चौकोन होतो. माझं प्रत्येक अक्षर त्या चौकोनात राहतं. मोठा वाडा नाही, एका खोलीचा संसार आहे.

मी कारखान्यातून तयार होऊन आलो नाही. सुट्या भागांच्या खोक्यातून आलो. जिने मला जोडलं तिला मी आईच म्हणतो, दुसरं काय म्हणणार? ती रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. बाळ झालं म्हणून घरी बसली होती. बाळ दुपारी झोपायचं. कधी चाळीस मिनिटं, कधी वीस. तेवढ्यात ती जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायची, धातू वितळवून जोड देणारी सोल्डर गन तापवायची आणि माझ्या हिरव्या बोर्डावर टाके घालायची. सहाशे चाळीस टाके. एका दुपारी कधी तीस व्हायचे, कधी दोन. बाळाने कूस बदलली की गन स्टँडवर, फुंकर दिव्यावर मारल्यासारखी धुरावर, आणि ही पाळण्याशी.

एक टाका मात्र बिघडला. ती गन टेकवत होती आणि मागे काहीतरी खुट्ट झालं. वळून बघते तर बाळ पाळण्याचा कठडा धरून उभं. पहिल्यांदाच! ती बघत राहिली, आणि इकडे सोल्डर जास्त वितळून त्याचा गोळा झाला, पावट्याएवढा. दुसऱ्या दिवशी तिने तो बघितला, बोटाने चाचपला आणि म्हणाली, "चालतंय ना? मग राहू दे." तो गोळा अजून माझ्या पोटात आहे. लक्षात ठेवा.

मी तयार झालो. टीव्हीला जोडल्यावर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. बाळाच्या बाबांनी टाळ्या वाजवल्या. आईने मात्र पडद्याजवळ जाऊन अक्षरं बघितली. मग म्हणाली, "याला आपलं एकही अक्षर येत नाही."

"अगं, डबा तो. त्याला काय येणार?" बाबा म्हणाले.

"माझ्या पोराने पहिलं अक्षर कुठलं बघायचं, हे हा डबा ठरवणार?"

डबा म्हणाली, याचा राग मी तेव्हाच गिळला, कारण नंतर तिने जे केलं ते कुणी डब्यासाठी करत नाही. तिने चौकटीची वही आणली आणि दुपारी टाक्यांऐवजी ठिपके सुरू झाले. आपलं अक्षर आठ ओळींत बसवणं म्हणजे काय, हे कधी करून बघा. वरची एक ओळ वेलांटी-मात्रेला ठेवायची. दुसरी शिरोरेषेला. तळाची उकाराला. उरल्या पाच. पाच ओळींत 'क' बसवा! तिचा 'झ' पहिले चार दिवस खेकड्यासारखा दिसत होता. 'ळ' तर हटूनच बसला. 'ळ' म्हणजे दोन गोल, आणि पाच ओळींत गोल होतच नाही, चौकोन होतो. शेवटी तिने एका दांडीला दोन चौकोनी खिडक्या टांगल्या आणि उजवी खिडकी एका ठिपक्याने खाली सरकवली. तेव्हा कुठे तो 'ळ' वाटायला लागला. सात महिने गेले. मग प्रत्येक ओळीचा एक आकडा काढून, सगळे आकडे घेऊन ती आपल्या जुन्या दुकानात गेली आणि तिथल्या यंत्रावर ती अक्षरं एका चिपमध्ये भाजून आणली.

त्या चिपला टिकलीएवढी काचेची खिडकी असते. अशी चिप ऊन दाखवून पुसता येते आणि पुन्हा भरता येते, म्हणून खिडकी. पुसली की तिच्यातले दिवे विझत नाहीत, उलट सगळे पेटतात. भाजलेली अक्षरं कायमची, पण काही दिवस सलग ऊन खाल्लं नाही तरच. आईने खिडकीवर कागदाची चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यावर बारीक पेनने दोन ओळी लिहिल्या. माझ्या डाव्या कुशीला भोक पाडून एक छोटा स्विच बसवला. वर केला की इंग्रजी, खाली केला की आपली अक्षरं.

त्या दुपारी स्विच खाली करून तिने पहिलं वाक्य लिहिलं: 'बाळ झोपलं आहे. हळू.' प्रत्येक अक्षराला मी 'पीं' करत होतो, म्हणून तिने माझ्या भोंग्याच्या भोकावर डावा तळवा दाबून धरला होता, आणि उजव्या हाताच्या एका बोटाने ती लिहीत होती. मित्रांनो, माझ्या आयुष्यात पुढे पुष्कळ कार्यक्रम चालले, पण त्याहून महत्त्वाचं मी काही छापलं नाही.

मग माझे कौतुकाचे दिवस आले. पाहुणे यायचे, बघायचे आणि बाबांच्या पाठीवर थाप मारायचे. "वा, काय डोकं आहे तुमचं!"

बाबा म्हणायचे, "अहो, मला घरातला बल्ब बदलता येत नाही. हिने केलंय."

पाहुणे जोरात हसायचे. त्यांना वाटायचं, विनय आहे. सहाशे चाळीस टाके! माझा भोंगा तेव्हा आपोआप वाजत असता तर मी एकेकाचे कान बसवले असते.

बाळ मोठं झालं, बोलायला लागलं. आईने माझ्यासाठी एक कार्यक्रम लिहिला होता, तो कॅसेटवर असायचा. टेपरेकॉर्डर किंचाळायचा, चार मिनिटं घसा खरवडून झाला की कार्यक्रम माझ्यात उतरायचा. आवाज किती ठेवायचा ते कळावं म्हणून तिने बटणाशेजारी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. मग मुलाने कळ दाबली की ते अक्षर पडदाभर मोठं यायचं, आणि तो टीव्हीच्या काचेवर बोटाने गिरवायचा. काचेला चिकटून त्याचे केस उभे राहायचे. अशी सगळी अक्षरं तो माझ्याकडून शिकला. शाळेत गेल्यावर बाईंनी वहीत लाल शेरा मारला: 'अक्षर चौकोनी काढतो. वळण नाही.' आईला हसू आवरेना. मी तर फुगून टम्म झालो होतो.

आणि मग काय? जे सगळ्यांचं होतं तेच. रंगीत पडद्याचा नवा संगणक आला. मला जुन्या पडद्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं. माझ्या डोक्यावर आधी एक गादी आली, मग दुसरी. वर्षांमागून वर्षं. त्याचाही मला राग नाही म्हणालो तर खोटं ठरेल, पण तो जुना राग आहे, त्याला बुरशी आली आहे. ताजा राग पुढचा.

चिरंजीव आता चाळिशी ओलांडलेले. एके दिवशी आईने माळा आवरला आणि मला त्याच्या हवाली केलं. "तुला असल्या यंत्रांचा नाद आहे ना? घे, तुझा भाऊ."

नाद खराच होता. त्याच्या घरातली एक खोली फक्त त्यासाठी होती. भिंतभर लहान लहान खण, प्रत्येकावर हाताने लिहिलेली चिठ्ठी. टेबलावर त्याने स्वतः सुट्या चिपांतून बांधलेला एक आठ-बिटी संगणक. मला मान्य करावं लागेल, काम सुबक होतं. दर रविवारी मित्र यायचे. त्यातला खास मित्र पेशाने दातांचा डॉक्टर. सगळे मिळून जुन्या पद्धतीचे खेळ लिहायचे आणि आठ बिटांत अमुक कसं बसवायचं यावर तावातावाने भांडायचे. मला वाटलं, आलो बाबा माणसांत.

चिरंजीवांनी मला उघडलं. "हा टाका बघ, काय गचाळ काम आहे," तो गोळ्याकडे बोट दाखवून म्हणाला. तुझ्याचमुळे झालाय तो गचाळ, शहाण्या! पण ऐकतो कोण.

मग फोटो काढला. "थांब, ही चिप झकास आहे, खिडकीवाली. पण वर हे काय मळकट लागलंय?" एक फोटो चिठ्ठीसकट. मग नखाने चिठ्ठी खरवडून काढली, स्पिरिटने काच पुसली, आणि दुसरा फोटो चिठ्ठीशिवाय. तीन इंचांवर डोळा होता त्याचा. तीन इंचांवर! दोन्ही फोटो त्याने मित्रांच्या ग्रुपवर टाकले, 'आधी' आणि 'नंतर'. साठ अंगठे आले. एकाही अंगठ्याला वाचायची बुद्धी झाली नाही.

डॉक्टरांनी टूथब्रश आणि साबणाने माझा बोर्ड घासला. हे लोक असंच करतात, आणि नीट सुकवलं तर त्यात वावगंही नाही. माझं बाहेरचं प्लॅस्टिक पिवळं पडलं होतं, ते पांढरं व्हावं म्हणून त्याला कसलं तरी क्रीम चोपडलं. अशा क्रीमला ऊन लागतं. म्हणून मला गच्चीवर ठेवलं. खोकं उन्हात, आणि सुकायला म्हणून शेजारी बोर्डही. उघड्या खिडकीची चिप आकाशाकडे तोंड करून.

आठ दिवस. आणि किती काळजीने! रोज सकाळी वर येऊन तो मला फिरवायचा, ऊन सगळीकडे सारखं लागावं म्हणून. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी एका वेलांटीशेजारचा बंद दिवा आपोआप पेटला. मग 'झ'ची तंगडी बुजली. मग सगळी अक्षरं वाळूवरच्या पावलांसारखी एकेक करून बुजून गेली. आईच्या सात महिन्यांच्या दुपारी, मित्रांनो, आणि वाळवणासारखा उलटापालटा करून मला कोण भाजत होतं? ज्याच्यासाठी ती अक्षरं काढली होती, तोच.

मला जोडलं, चालू केलं. कारखान्याची इंग्रजी अक्षरं वेगळ्या, पक्क्या चिपमध्ये होती, ती बरोबर उमटली. टाळ्या! कुणीतरी डावा स्विच खाली केला, तर प्रत्येक अक्षराच्या जागी भरीव पांढरा ठोकळा. "बिघडलेला असेल," म्हणून स्विच वर केला आणि विसरले.

पुढच्या रविवारी आईला बोलावलं. केस पांढरे झाले होते, पण माझ्यासमोर बसताना तिने खुर्ची तशीच दोन्ही हातांनी पुढे ओढली.

"तोंडाला काय लावलंस रे याच्या? चकाकतोय."

"आई, बघ तर! चालू झाला!"

तिने न बघता डावा हात माझ्या कुशीला नेला. स्विच सापडला. खाली केला. तीन कळा दाबल्या. तीन ठोकळे उमटले. तिने परत दाबल्या. परत तीन.

"तो स्विच कशाचा आहे तेच आम्हाला कळत नव्हतं," चिरंजीव म्हणाले. "तिकडे ठोकळेच येतात."

"ठोकळे नाही येत तिकडे." तिचा आवाज अगदी साधा होता. "चिपवर एक चिठ्ठी होती. ती कुठेय?"

"मळकी होती गं. काढली. थांब, फोटो आहे." त्याने मोठ्या उत्साहाने फोन काढला. "ही बघ."

"मला चष्म्याशिवाय दिसत नाही. तूच वाच, काय लिहिलंय."

"काही लिहिलंय कुठे?" त्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. मग मोठ्याने वाचायला लागला, कारण वाचायला लागल्याशिवाय त्याला कळलं नाही की आपण काय वाचतोय. "आत अक्षरं आहेत. ऊन दाखवू नका."

त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"कॉपी असेल ना, आई? वही होती म्हणायचीस."

"घर बदललं तेव्हा रद्दीत गेली. मीच बांधून दिली. म्हटलं, चिपमध्ये आहेत ना, मग कशाला जागा अडवायची."

डॉक्टर बिचारे वातावरण हलकं करायला गेले. "काकू, काळजीच नको. तयार अक्षरं मिळतात, पाच मिनिटांत टाकून देतो. नाहीतर असं करू, याच्या पोटातलं सगळं काढू आणि आत एक इवलासा नवा बोर्ड बसवू. बाहेरून हाच दिसेल. कळणारसुद्धा नाही कुणाला."

कळणारसुद्धा नाही! माझ्या देखत, मित्रांनो!

आई त्यांच्याकडे वळली. "डॉक्टर, तुमच्याकडे कुणी दुखरा दात घेऊन आलं की सगळे दात उपटून कवळी बसवता का?"

डॉक्टरांनी उचललेला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"चिडू नकोस, आई," चिरंजीव म्हणाले.

"चिडू नको तर काय करू? चिठ्ठी कशाला लिहितं माणूस? पुढच्याला कळावं म्हणून ना? पुढचा घरचाच निघेल आणि वाचणार नाही, हे मला कसं सुचावं?" तिने पर्स उचलली. "निघते मी. बंद कर त्याला."

ती दाराशी गेली. दाराशेजारी ती खणांची भिंत होती. तिने चष्मा लावला होता, जिना उतरायचा म्हणून. आणि ती थांबली.

"हे कुणी लिहिलंय?"

"काय? ते लेबल? मीच." तो खाली बघत म्हणाला. "सगळे हसतात माझ्या अक्षराला."

खणांवर लिहिलं होतं: काळे स्क्रू. गोल नळ्या. निळ्या वायरी. उरलेले. आई पहिल्या खणाला नाक टेकेल इतकी जवळ गेली. मग दुसऱ्या. पर्स परत खुर्चीवर आली.

"चौकटीचा कागद आण. बस इथे. 'ळ' काढ."

"नुसता?"

"नुसता."

त्याने काढला. एका दांडीला दोन चौकोनी खिडक्या. उजवी किंचित खाली. आईने पट्टी लावली, आठ ओळी मोजल्या. उजवी खिडकी एका ठिपक्याने खाली होती. बरोबर एका.

"हा असा कुठे शिकलास?"

"कुठे म्हणजे? 'ळ' असाच असतो ना?"

आईने माझ्याकडे बघितलं. मग त्याने बघितलं.

"मला वाटायचं, माझं अक्षरच वाईट आहे," तो म्हणाला.

पुढचे चार रविवार दोघं त्या टेबलाशी होती. तो लिहायचा, ती ठिपके मोजायची आणि आकडे सांगायची. डॉक्टर गुपचूप आकडे टाइप करायचे. "घाई करू नका हं, पाच मिनिटांचं काम नाही," आई त्यांना मधूनच टोमणा मारायची. मात्र शाळेच्या बाईंनी काही अक्षरांना वळण लावून टाकलं होतं. 'भ', 'ज्ञ', आणखी पाच. अशी सात अक्षरं त्याच्या हातात उरली नव्हती, आणि आईलाही आठवेनात. ती दोघांनी भांडून भांडून नवी काढली. बरी आहेत. पण ती नाहीत. त्या सातांचा माझा राग अजून तसाच आहे आणि तो मी कुणाला काढू देणार नाही.

एक दिवस चिरंजीवांनी गन तापवली आणि तो गोळा झालेला टाका नीट करायला घेतला. आईने त्याचं मनगट धरलं आणि पाळण्याच्या कठड्याची गोष्ट सांगितली. त्याने गन बंद केली. नंतर कधी त्या गोळ्याला गचाळ म्हणाला नाही.

चिप भरली. खिडकीवर जाड काळी पट्टी चिकटवली, आणि तिच्यावर पांढऱ्या शाईने त्याने स्वतःच्या चौकोनी अक्षरात तेच दोन ओळींचं वाक्य लिहिलं, हातभर अंतरावरून वाचता येईल एवढं मोठं.

मित्रांनो, तुम्हीही उद्या काहीतरी जुनं उघडाल. उघडा, जरूर उघडा, आम्हाला माळ्यावर आवडत नाही. पण मळ दिसला की आधी तो मळच आहे का ते बघा. त्यावर काही लिहिलं असेल तर नख लावण्याआधी वाचा. पुसट झालं असेल तर ज्याने लिहिलं त्याला विचारा. तो माणूस पुष्कळदा जिवंत असतो हो, एका फोनवर असतो, आणि कुणी विचारेल म्हणून वाट बघत असतो.

शेवटच्या रविवारी जेवणं झाली. आई माझ्यासमोर बसली. घरून आणलेल्या जुन्या टेपरेकॉर्डरचं बटण नेलपॉलिशच्या ठिपक्यावर आणून ठेवलं. कॅसेट लावण्याआधी तिने मागे वळून बघितलं, तर चिरंजीव आरामखुर्चीत मान टाकून झोपलेले, तोंड अर्धवट उघडं. तिने कॅसेट बाजूला ठेवली. स्विच खाली केला. डावा तळवा माझ्या भोंग्याच्या भोकावर दाबला आणि एका बोटाने, न बघता, लिहिलं: 'बाळ झोपलं आहे. हळू.'

मी रागावलेलो आहेच. पण त्या तळव्याखाली जेवढं हळू ओरडता येईल, तेवढं हळू ओरडलो.